लेट्रोझोलने हात आखडतात, गोळी सोडली तर चालेल का?

ताई, तुम्ही लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही गफलत असेल तर तुमच्या लक्षात येईल. सासूबाई ६३ वर्षांच्या, गुहागरकडे गावी राहतात. तुम्ही दोघं नोकरीनिमित्त मुंबईला. स्तनात गाठ सापडली, ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. रिपोर्टात ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनना धरणाऱ्या, पेशींतल्या पकडी) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशी वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह, आणि काखेतल्या दोन लसिका-गाठींपर्यंत आजार पोचलेला. मग लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक, अशी हार्मोन अडवणारी गोळी सुरू झाली. दुसऱ्या महिन्यापासून सकाळी बोटं मिटेनाशी झाली, गुडघे धरले, नारळ खवायला बसवेना. शेजारणीने सांगितलं, ‘गाठ काढून टाकलीय ना, मग ही गोळी कशाला अंगावर घेतेस?’ आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी गोळी बंद केली, डॉक्टरांना न सांगता. आता दुखणं निम्म्यावर आलंय. तुम्ही विचारता: गोळीची खरंच इतकी गरज आहे का, तिच्याऐवजी टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची दुसरी गोळी चालेल का, आणि तिने हाडं ठिसूळ होतात हे खरं का.

माझं उत्तर आधी सांगते, कारणं मागून. हार्मोनचं औषध त्यांनी सोडू नये. पण त्याच गोळीवर, तेच दुखणं सोसत, पाच वर्षं काढा असंही मी कुणाला सांगणार नाही. तीन आठवडे गोळी बंद राहिली म्हणून आभाळ कोसळलेलं नाही. मात्र याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना फोन करून ते स्पष्ट सांगा. लपवू नका. गोळी थांबवल्यावर दुखणं उतरलं ही माहिती डॉक्टरांच्या फार उपयोगाची आहे, कारण दुखणं गोळीचंच होतं की वयाच्या संधिवाताचं, हे त्यावरून बरंचसं कळतं.

आता गरजेबद्दल. ऑपरेशनने दिसणारी गाठ जाते, शेक त्या जागेची काळजी घेतात. पण काखेपर्यंत पोचलेल्या आजारातल्या काही पेशी रक्तातून हाडांत, यकृतात, फुप्फुसात जाऊन निपचित बसलेल्या असू शकतात. त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे या पेशींना वाढायला इस्ट्रोजेन लागतं. ते मिळालं नाही तर बऱ्याच पेशी वाढू शकत नाहीत, मरतात. म्हणून अशा आजारात ही छोटी गोळी केमोच्या तोडीचं औषध आहे, आणि कित्येकींच्या बाबतीत केमोपेक्षा जास्त काम करणारं. केमोनंतर मिळालेली ‘ताकदीची गोळी’ समजून तिच्याकडे पाहिलं जातं, तिथेच बिनसतं. केमोला सलाईन असतं, केस जातात, घरातले सगळे सोबत येतात. या गोळीला यातलं काही नसतं, म्हणून घरच्यांना ती किरकोळ वाटते.

पाळी गेली म्हणजे इस्ट्रोजेन संपलं, असं बहुतेकींना वाटतं. अंडाशयातलं संपतं हे खरं. पण मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुरुषी जातीची संप्रेरकं थोडी थोडी बनवत राहतात, आणि चरबी, स्नायू, त्वचा, अगदी स्तनाच्या मांसातसुद्धा अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते त्यांचं इस्ट्रोजेन करतं. लेट्रोझोल या एन्झाइमला अडवते. अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम आणि एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम या तिच्या दोन बहिणी, काम तेच. टॅमॉक्सिफेनची तऱ्हा वेगळी. वाडीला पाणी सोडताना तुम्ही एकतर एकेका माडाच्या आळ्याच्या तोंडाशी माती लावता, नाहीतर पाटच वर बंद करता. टॅमॉक्सिफेन पेशीच्या तोंडाशी अडवते, लेट्रोझोल पाट बंद करते.

फायदा किती, हे आकड्यांत सांगते, कारण पाच वर्षं रोज गोळी घ्यायची तर माणसाला ते कळायला हवं. ऑक्सफर्डचा एक गट जगभरच्या चाचण्यांची माहिती एकत्र करून तपासतो. २०११ साली त्यांनी मांडलं की ईआर पॉझिटिव्ह आजारात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू पंधरा वर्षांच्या काळात सुमारे एक तृतीयांशाने घटले. २०१५ साली पाळी गेलेल्या बायकांबद्दल मांडलं की पाच वर्षं लेट्रोझोलच्या जातीची गोळी घेतल्यास, कुठलंच हार्मोनचं औषध न घेण्याच्या तुलनेत, पहिल्या दहा वर्षांतले असे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात. हे प्रमाण सरसकट आहे. ज्यांचा मूळ धोका मोठा त्यांचा प्रत्यक्ष फायदाही मोठा. तुमच्या सासूबाईंच्या काखेत आजार होता, म्हणजे त्या फायदा जास्त असणाऱ्यांत मोडतात.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना समजावून सांगा. हा आजार सावकाश चालणारा आहे. पाच वर्षं औषध घेऊन पूर्ण बऱ्या असलेल्या बायकांवर नजर ठेवून २०१७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचव्या ते विसाव्या वर्षाच्या दरम्यान दूरच्या अवयवात आजार पुन्हा दिसण्याचं प्रमाण, गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि काख स्वच्छ असेल तर सुमारे १३ टक्के, आणि गाठ मोठी व काखेतल्या चार ते नऊ गाठींत आजार असेल तर सुमारे ४१ टक्के होतं. ‘आता वर्ष झालं, काही नाही, म्हणजे सुटलो’ हा हिशेब इथे चालत नाही.

आता दुखण्याकडे येते. खरा प्रश्न तोच आहे, आणि आम्ही डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत त्याला पुरेसा वेळ देत नाही, ही माझी आमच्या व्यवसायाबद्दलची तक्रार आहे. ‘थोडं दुखणारच’ म्हणून फाईल मिटली की पेशंट घरी जाऊन गोळी मिटवते.

ही गोळी घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांना सांधे धरल्याचा त्रास होतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुरू होतो. सकाळी उठल्यावर हात जड, बोटं अर्धवट मिटतात, हालचाल सुरू झाली की तासाभरात सैल पडतात. पहिली दहा पावलं लंगडत, मग चाल बरी. इस्ट्रोजेन एकदम तळाला गेलं की कंडरांच्या आवरणात पाणी साठतं, ते एमआरआयवर दिसतं. म्हणजे हे मनाचे खेळ नाहीत. मी टेबलावर हात ठेवायला सांगते आणि मूठ वळायला लावते. एक मासळी विकणारी बाई यायची. तिची अनामिका मिटली की तिथेच अडकून राही, मग दुसऱ्या हाताने ओढून उघडायची, खट् असा आवाज व्हायचा. सुरमई कापताना ते बोट अडकलं तर काय होईल या भीतीने तिने गोळी सोडली होती. तिच्या बोटाच्या मुळाशी एक छोटं इंजेक्शन दिलं, गोळी बदलली, आणि धंदा चालू राहिला. रात्री अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होऊन झोपमोड होत असेल तर मनगटातली नस दाबली जातेय असं समजा. रात्री मनगटाला पट्टा बांधूनच पुष्कळ फरक पडतो.

पण आधी इतर कारणं तपासून घ्यावी लागतात. ड जीवनसत्त्व, थायरॉइड. आपल्याकडे चिकुनगुनिया होऊन गेलेल्यांचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात, तेही विचारा. ऑपरेशनच्या बाजूचा एकच हात सुजून जड झाला असेल तर ती काखेच्या ऑपरेशननंतरची सूज आहे, तिचा इलाज निराळा. आणि एक फरक पक्का लक्षात ठेवा: गोळीचं दुखणं दोन्हीकडे, सांध्यांत, हालचालीने सुटणारं असतं. एकाच जागी हाडात ठणका, दिवसेंदिवस वाढणारा, रात्री झोपेतून उठवणारा, असं असेल तर वाट न पाहता दाखवायचं. पाठीत दुखून पायांतली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीने.

इलाजात चांगला पुरावा असलेला उपाय म्हणजे व्यायाम, जो ऐकून बायका तोंड फिरवतात. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या चाचणीत अशाच गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या बायकांना आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं आणि दोन वेळा स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम दिले. वर्षभरात त्यांच्या सर्वांत वाईट दुखण्याची तीव्रता २९ टक्क्यांनी उतरली; ज्यांनी केलं नाही त्यांची होती तिथेच राहिली. ‘मी दिवसभर राबतेच की’ हे उत्तर मला ठाऊक आहे. लावणी, झाडलोट, पाणी भरणं यात कंबर वाकते, गुडघे दुमडतात, पण सलग चालणं होत नाही. गुहागरला समुद्र दारात आहे. ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवरून संध्याकाळी अर्धा तास चालू दे. सुक्या भुसभुशीत वाळूत नको, गुडघे जास्त दुखतात. पावसात ओटीवर फेऱ्या माराव्यात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या घेऊन हात वर-खाली करणं, एवढा ताकदीचा व्यायाम सुरुवातीला पुरे. सुरुवात दहा मिनिटांनी करा. पहिले पंधरा दिवस दुखणं किंचित वाढल्यासारखं वाटेल, मग वळण घेतं.

सकाळी चुलीपाशी जाण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघड-मिट करायला सांगा. विळीवर बसून खवण्याऐवजी ओट्याला घट्ट बसणारी, हँडल फिरवायची खवणी घेऊन द्या. दुखणं जास्त असेल त्या दिवशी पॅरासिटामॉल चालते. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. रक्तदाब, मूत्रपिंड, जठर तिन्हींना धोका. या दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन नावाचं औषध आहे, ते मूळचं नैराश्याचं असलं तरी इथे वेदनेसाठी देतात. डॉक्टरांनी लिहून दिलं तर नाव वाचून घाबरू नका. आणि ‘आठ दिवसांत सांधे मोकळे’ करणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांपासून त्यांना लांब ठेवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. गुण झटकन येतो, आणि हाडं आणखी पोखरतात.

एवढं करूनही भागलं नाही तर डॉक्टर दोन ते चार आठवडे गोळी थांबवतात आणि मग बहिणींपैकी दुसरी सुरू करतात. तुमच्या सासूबाईंची सुट्टी आपोआप झालेलीच आहे, तेव्हा बहुधा ते पुढच्याच पायरीवर जातील. एकीने सांधे धरले म्हणून दुसरीनेही धरतीलच असं नसतं. बदलल्यावर बऱ्याचजणी औषध चालू ठेवू शकतात. एक्झेमेस्टेन दिली तर ती जेवणानंतर घ्यायची, एवढा फरक.

आणि टॅमॉक्सिफेन? चालते. पाळी गेल्यावर लेट्रोझोलची जात टॅमॉक्सिफेनपेक्षा थोडी सरस आहे; त्याच २०१५ च्या आकडेवारीत टॅमॉक्सिफेनच्या तुलनेत मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते. पण न घेतलेल्या लेट्रोझोलपेक्षा रोज घेतलेली टॅमॉक्सिफेन शंभर पटीने बरी, हे मी ठामपणे सांगते. पाळी गेलेल्या बाईची हाडं ती राखते, सांधे कमी धरते. तिचे धोके निराळे: पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, जो क्वचित होतो पण होतो. म्हणून पूर्वी गुठळी झालेली असेल, लकवा येऊन गेला असेल तर ती टाळतात. घेत असताना पोटरी एका बाजूला सुजली, दम लागला, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्ताचा डाग दिसला, तर लगेच दाखवायचं. फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन या मनाच्या औषधांनी टॅमॉक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो, तेव्हा चालू औषधांची सगळी पाकिटं दाखवा. टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोलच्या जातीची गोळी एकत्र कधीच घ्यायच्या नाहीत. एकत्र घेऊन जास्त फायदा होत नाही, हे चाचणीत दिसलंय.

इथे एक गोष्ट तुमच्या सासूबाईंना लागू नाही, पण तुमच्या भावकीत कुणाला तरी लागू होईल, म्हणून थांबून सांगते. आपल्याकडे चाळिशीच्या आत ‘पिशवी काढलेल्या’ बायका गावोगाव आहेत. पाळी येत नाही म्हणजे पाळी गेली, असं त्या आणि कधीकधी डॉक्टरही धरून चालतात. पण ऑपरेशनमध्ये गर्भाशय काढून अंडाशय ठेवले असतील तर ते पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन बनवत राहू शकतात. केमोने पाळी थांबलेल्या पंचेचाळिशीच्या बाईचंही तसंच. अंडाशय पुन्हा जागे होतात. अशा बाईला नुसती लेट्रोझोल दिली तर ती अंडाशयाला आवरू शकत नाही, उलट डिवचते. वंध्यत्वाच्या उपचारात अंडं तयार व्हावं म्हणून हीच गोळी देतात, ती याच गुणामुळे. मेडिकलवाल्याने ‘ही तर मूल होण्याची गोळी’ म्हटलं आणि साठीतल्या बाईने लाजून पाकीट परत केलं, असं घडतं. साठीतल्या बाईला त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पिशवी काढलेली, पन्नाशीच्या आतबाहेरची बाई असेल तर ऑपरेशनचा जुना कागद शोधा, अंडाशय राहिलेत का पाहा, आणि एफएसएच व इस्ट्राडायॉल या, अंडाशयाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करूनच गोळी ठरू द्या. तिच्यासाठी टॅमॉक्सिफेन, किंवा अंडाशय झोपवणारं महिन्याचं इंजेक्शन, किंवा अंडाशय काढणं, असे पर्याय असतात.

हाडांबद्दल तुमची भीती खरी आहे. इस्ट्रोजेन हाडांची राखण करतं; ते तळाला गेलं की हाडं भराभर विरळ होतात. सांध्याचं दुखणं कळतं, हाड विरळ होताना काहीच कळत नाही, ते एकदम मोडल्यावरच. आणि आपल्याकडे पडायला जागा कमी आहेत का? श्रावणात पाखाडीच्या जांभ्यावर शेवाळ चढतं, न्हाणीतली फरशी कायम ओली, मागील दारी विहिरीकडे जाणारी पायवाट निसरडी. हात टेकून पडलं की मनगट, कुशीवर पडलं की खुबा. गणपतीला मुंबईहून जाल तेव्हा आधी दोन कामं करा: न्हाणीत आणि पायऱ्यांपाशी हाताला धरायला दांडा बसवून घ्या, आणि वावरायच्या वाटेवरचं शेवाळ घासून काढा. हे मी औषधाइतकंच महत्त्वाचं मानते.

गोळी सुरू करताना डेक्सा नावाची हाडांची तपासणी व्हायला हवी, मग एक-दोन वर्षांनी पुन्हा. तालुक्याच्या गावी हे मशीन सहसा नसतं. सासूबाई तपासणीला मुंबईत येतील त्याच फेरीत करा. शिबिरात टाच मशीनवर ठेवून सांगतात तो आकडा डेक्साची जागा घेत नाही. डेक्सातला टी-स्कोअर नावाचा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ झाली. तिथपर्यंत वाट न पाहताही हाडांचं औषध देतात: झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅमचं सलाईन, दर सहा महिन्यांनी, साधारण तीन वर्षं. पाळी गेलेल्या बायकांत या जातीच्या औषधांनी आजार हाडांत परतण्याचं प्रमाणही घटतं, म्हणून सासूबाईंसाठी हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून किडके दात काढायचे असतील तर काढून घ्या, कारण हे औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड क्वचित भरून येत नाही. मूत्रपिंडाची तपासणी आधी लागते. पहिल्या सलाईननंतर एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी येते. पॅरासिटामॉल घ्यायची, घाबरायचं नाही.

कॅल्शियम दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात जायला हवं. यात आपलं जेवण मदतीला येतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. रोज नाचणीची भाकरी किंवा आंबील ठेवा. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी चांगली. सुकट, जवळाही चालेल, पण खारवलेलं असेल तर धुऊन, आणि रक्तदाब असेल तर बेताने. उरलेलं गोळीने भरा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते. ती रोज घेत सुटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि जास्त झाल्यास ती विषासारखी बाधते. किती आठवडे घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

या गोळीने अंगातून वाफा येतात, घामाने चिंब होतं, झोप मोडते. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात तर जीव नकोसा होतो. काहींचे त्रास आपसूक उतरतात. नाही उतरले तर व्हेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिन लहान मात्रेत देता येतं. केस विरळ होतात, गळून टक्कल पडत नाही. कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तपासा. सोयाबीनची भाजी खाल्ल्याने काही बिघडत नाही. सोयाच्या अर्काच्या गोळ्या आणि ‘बायकांसाठी हार्मोन संतुलन’ असं लिहिलेल्या बाटल्या मात्र नकोत.

योनीचा कोरडेपणा, जळजळ, वारंवार लघवीला होणं, याबद्दल बायका नवऱ्याशी बोलत नाहीत, सुनेशी तर नाहीच. तुम्हीच एकांतात, सहज विचारा. पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं जेल, नियमित वापरायचं मॉइश्चरायझर, यांनी आराम पडतो. इस्ट्रोजेनचं क्रीम कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, गावातल्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूने दिलं तरी.

किती वर्षं? पाच तर नक्की. काखेत आजार असलेल्यांना सात वर्षांपर्यंत नेण्याचा विचार करतात. त्यापुढे ताणण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही; ऑस्ट्रियातल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच वर्षांच्या हार्मोन उपचारानंतर आणखी दोन वर्षं आणि आणखी पाच वर्षं यांत आजार परतण्यात फरक पडला नाही, हाडं मात्र पाचवाल्यांची जास्त मोडली. काखेत आजार असलेल्या काहीजणींना सोबत अबेमासिक्लिब किंवा रायबोसिक्लिब ही कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारी औषधं देतात. ही महाग आहेत, सगळ्यांना लागत नाहीत. सासूबाईंना लागतील का, एकदा विचारून मोकळे व्हा. दिलीच तरी मूळ हार्मोनची गोळी सुटत नाही.

गोळी दिवसाच्या कुठल्याही वेळी चालते, पण वेळ एकच ठेवा. देवाला दिवा लावायच्या वेळेशी बांधली की विसरत नाही. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. औषध अंगात दोन-तीन दिवस टिकतं, पुढची वेळेवर घ्या. पाकिटाच्या मागे प्रत्येक गोळीवर पेनाने तारीख लिहिलेली असली की घेतली की नाही हा वाद उरत नाही. सणासुदीला, घर माणसांनी भरलेलं असताना, सर्वांत जास्त गोळ्या राहतात. पावसाच्या आधी दोन महिन्यांचा साठा घरात असू द्या. घाट बंद पडला की तालुक्याच्या मेडिकललाही माल येत नाही. खर्चाची अडचण असेल तर जन औषधी केंद्रात लेट्रोझोल स्वस्तात मिळते, कंपनी बदलली तरी औषध तेच. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांतलं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. वर्षातून एकदा मॅमोग्राम हवा. तक्रार काही नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन आणि रक्तातले कर्करोगाचे मार्कर करत बसू नका. त्यांनी आयुष्य वाढत नाही, काळजी आणि खर्च तेवढा वाढतो. ते पैसे डेक्साला आणि दाताच्या डॉक्टरला लावा.

डॉक्टरांना फोन कराल तेव्हा तुमच्या तोंडून नको, सासूबाईंनाच बोलू द्या. लेक-सुनेसमोर बायका दुखणं निम्मं करून सांगतात, म्हणून तुम्ही खोलीबाहेर असलात तरी चालेल. त्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात: गोळी कुठल्या तारखेपासून बंद आहे, सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो, आणि कुठलं काम अडतं. नारळ खवता येत नाही, हे सांगायला लाजू नये. आम्हाला ‘खूप दुखतं’ यापेक्षा त्यातून जास्त कळतं. नवी गोळी सुरू झाली की सहा आठवड्यांनी पुन्हा फोनची तारीख त्याच वेळी ठरवून घ्या, आणि तोवर संध्याकाळचं चालणं चालू ठेवा.